कनवटीची सुपारी

पाथर्डी फाट्यावरचा नवा फ्लॅट, तिसरा मजला.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर,
त्याच्या पोटावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं होर्डिंग.
गायधनी गुरुजी पंचवटीतून स्कूटरवर आले,
चौरंग कुठे मांडायचा ते चपला काढतानाच ठरवलं
आणि विचारलं, "सौभाग्यवती?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे.
"कोल्हापूरला असते ती," आई म्हणाली.
हे खरं होतं,
फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

गुरुजींना नवल नाही.
पिशवीत हात घालून त्यांनी एक सुपारी काढली,
"ही कनवटीला लावा. चालतं."
मी ऋजुताला सोवळ्यात खोचलं
आणि पाटावर बसलो.

आदल्या रात्री अडीचपर्यंत
मी हेच करत होतो.
पिंपळगावच्या द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज,
त्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम,
आणि तो चालू असतानाच, चालत्या गाडीत,
घडवायची एक वस्तू जिची कुठे फाईल नाही,
जिचा वर्ग कुणी हाताने लिहिला नाही.
तिला एवढंच सांगायचं, कुठल्या हाकांना ओ द्यायची:
वजन सांग. दर सांग. पावती फाड.
हाक मारणाऱ्याला ती खरीच वाटते.
ती प्रत्येक हाक आधी आपल्या कानावर घेते,
वेळ टिपते, याला हक्क आहे का बघते,
मग आतल्या खऱ्याला उठवते.
खरा पुष्कळदा झोपलेला,
कधी तर अजून जन्मलाच नसतो,
पहिली हाक येईपर्यंत कुणी त्याला जन्माला घालत नाही.

आव्हाड म्हणतो, "म्हणजे तोतयाच ना, सर?"
नाही रे. तोतयाला गादी हवी असते.

"सहकुटुंबस्य," गुरुजी म्हणाले,
आणि सुपारी कमरेत टोचली.
"इथे पत्नीने उजव्या हाताला हात लावायचा,"
हे ते सवयीने बोलून गेले
आणि थांबले नाहीत.
पळीतलं पाणी ताम्हनात पडलं.

माझ्या प्रोग्रामात, मागे खरं कुणी नसताना
हाक पुढे गेली, तर तिथेच सगळं कोसळतं,
पडद्यावर लाल ओळी, पिंपळगावहून फोन.
इथे काही कोसळलं नाही.
तूप जळलं. धुराने आईचे डोळे चुरचुरले,
असं ती म्हणाली.

नव्या पोरांना मी एक गोष्ट दोनदा सांगतो.
खऱ्या वस्तूने आतल्या आत स्वतःलाच हाक मारली
तर ती प्रॉक्सीच्या कानावर पडत नाही.
नोंद नाही, तपास नाही.
काम झालेलं असतं आणि वहीत ती वेळ कोरी.
पोरं मान डोलावतात आणि तीच चूक करतात.
शेवटची चार वर्षं
ऋजुता आणि मी एकाच ओट्याशी उभे राहून
असेच बोललो, ज्याचा तो, आतल्या आत.
वरवर सगळ्या हाकांना ओ मिळत होती:
दूध आलं का. गॅस लावलास का. हो. हो.

उत्तरपूजेला गुरुजींनी अक्षता टाकल्या,
तांदळावरचा गणपती पुन्हा सुपारी झाला,
तो, हळकुंडं, खारका,
सगळं एका हाताने पिशवीत लोटलं.
दक्षिणा मोजली, शिरा नको म्हणाले, शुगर आहे.
माझ्या कमरेची मागायला विसरले.

लिफ्ट खाली गेली तेव्हा आठवलं.
सोवळं सोडताना ती फरशीवर पडली,
घरंगळत फ्रिजखाली गेली,
मी लाटण्याने बाहेर काढली.
अंगाच्या उबेने अजून कोमट होती.

आता ऑफिसच्या खणात आहे, चार्जरच्या शेजारी.
कुणी एकानेही धरून ठेवलेली वस्तू
मेमरीतून पुसली जात नाही, हा नियम मला पाठ आहे.
विसर्जनाचा मंत्र तेवढा येत नाही.
काल आव्हाडने खण उघडला,
"सर, खायची आहे का ही?"
मी म्हटलं, राहू दे. चालू आहे ती.