तिसरं झाड

बिटको चौकात, झेरॉक्सच्या दुकानामागं
पंजवानी शेठचं पार्लर होतं : पाच मशिनं, एक टेबल फॅन
आणि कोपऱ्यात बसून चालवायची गाडी.
खरोखरची सीट, फाटली तिथं चिकटपट्टी,
गिअरला दोनच घरं, वर आणि खाली,
पॅडलवर कुणीतरी लाकडाचा ठोकळा बांधलेला
बुटक्या पोरांसाठी.

पिवळी गाडी. समुद्रकाठचा रस्ता.
पंच्याहत्तर सेकंद.
बोगद्यातून बाहेर आलं की आभाळ केशरी व्हायचं
आणि आम्ही कुणीच बोलायचो नाही.

मग वाल्मीक शालिमारला जाऊन आला.
म्हणाला, तिथं हाच गेम उभ्यानं खेळतात.
गिअरच नाही.
साठच सेकंद.
दीपगृह डावीकडं.
आम्ही त्याला वेड्यात काढलं
आणि रविवारी सिटी बसचे पैसे जमवून गेलो, चौघं.
दीपगृह खरंच डावीकडं.
इंजिनाचा आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा,
आणि वरच्या पाटीवर गेमच्या नावातलं एक अक्षर गायब.
“डुप्लिकेट,” नॅथन म्हणाला.
द्वारका मागं पडली तरी भांडण चालूच,
कारण बोगदा त्यांचा लांब होता,
आणि लांब बोगदा कोण कशाला डुप्लिकेट करेल?

सलीलकडं दिवाळीत टीव्हीला जोडायची कॅसेट आली.
तिच्यात झाडं उड्या मारत यायची,
आभाळाला एकच रंग,
आणि बोगद्याच्या जागी पडदा नुसता काळा.
“लाईट गेली का रे?” सलीलची आई आतून.

बाबा प्रेसमध्ये चेकर.
दिवसभर नोटांचे ताव डोळ्यांखालून घालायचे,
एखादी रेघ सरकली की ताव बाजूला.
गेटवर झडती देऊन घरी यायचे
आणि तांदळातला खडा त्यांना
आईच्या हातातल्या सुपात, लांबूनच दिसायचा.

एकदा भोंगा झाल्यावर मला शोधत ते पार्लरात शिरले.
मी कान तयार ठेवला.
ते मात्र सीटमागं उभे राहिले, हात पाठीशी,
चष्मा कपाळावर.
माझी गाडी आपटली, सुटली, परत आपटली.
मग म्हणाले,
“पुलानंतरचं तिसरं झाड.
पहिल्या फेरीत त्याची सावली रस्त्यावर पडते.
दुसऱ्या फेरीत पडत नाही.”

शेठनं हिशोबाच्या वहीतून मान वर केली.
वाल्मीकनं स्वतःचं नाणं टाकलं, खात्री करायला.
पहिली फेरी : सावली.
दुसरी : नाही.
तीन वर्षं आम्ही त्या सावलीवरून गाडी नेत होतो.

“काका, मग हा ओरिजिनल का डुप्लिकेट?”
“ते सांगायला पहिला ताव शेजारी लागतो,” बाबा म्हणाले.
“तो कुणाकडं आहे?”
कान पिळायचा मात्र विसरले नाहीत.

आता फोनवर त्या गेमच्या सात आवृत्त्या आहेत,
ओळीनं लावलेल्या, फुकट.
मी तीन रात्री बसून सगळ्या खेळलो.
सातांतही तिसऱ्या झाडाची सावली
दोन्ही फेऱ्यांत पडते.
सहावीत दीपगृह डावीकडं आहे.
बोगदाही लांब आहे, शालिमारएवढाच.
आणि आमची,
ठोकळेवाली, सावली विसरणारी,
यादीत कुठंच नाही.

बाबांना दाखवायला फोन नेला.
मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी.
त्यांनी पडदा नाकाला लावला, लांब धरला, तिरका केला.
“झाड कुठाय?” म्हणाले.

वाल्मीक सिन्नरच्या कंपन्यांना टेम्पो लावतो.
त्याला अजून
यातलं काही सांगितलेलं नाही.