हातभर

दिघ्याला, इलठणपाड्याच्या चढावर
चौदा पायऱ्या मोजल्या की वैजयंताचं दार.
पुरळ कधी उठलं, मी विचारते.
ती म्हणते, बाय आलीय, हळू बोला ताई.
उशाला कडुनिंबाचा डहाळा,
मांडीवर अंशुल, डोळे चिकटलेले.

शिकवलंय तसं मी सांगते :
पोराला वेगळ्या खोलीत ठेवा.
सांगून होतं, आणि आम्ही दोघी
त्या एकाच खोलीकडे बघत बसतो.
सासू मोरीशी भांडी घासतेय,
दीर रात्रपाळी करून आडवा,
थोरली गॅसच्या टाकीला टेकून पाढे लिहितेय.
खिडकी होती. मागे भिंत उठली तेव्हा गेली.
वैजयंता उठते, जुनं पातळ दोरीवर टाकते.
"झाली बघा वेगळी."

शेजारच्या तबस्सुमचं बाळ आठ महिन्यांचं.
लस नऊ भरल्यावर. कार्डावर तारीख मीच घातलीय,
सतरा.
दोन घरांत मिळून एक पत्रा,
छताच्या हातभर अलीकडे थांबलेला.
त्या फटीतून फोडणीचा वास जातो,
भांडण जातं,
एकदा तर मिठाची पुडीही गेली म्हणे,
दार न उघडता.

आज बारा.
पत्र्यापलीकडे कुणीतरी शिंकलं,
एवढंसं.
वैजयंताचा हात अंशुलच्या कपाळावर थांबला,
माझं पेन कागदावर.

रकाना आहे : घरातील माणसं.
सहा लिहिलं होतं.
खोडलं.
अकरा केलं.