उंच रेघ, खोल रेघ

आधी नख फिरवा.
नख अडखळलं, चढून पुढं गेलं,
तर ती रेघ ठशाची. टाकसाळीत ठसा तडकला,
भेगेत धातू शिरला, तसाच उंच राहिला.
नख आत घसरलं, तर ओरखडा.
कुणाच्या तरी किल्लीचा, फरशीचा, दिवसांचा.
एवढंच मला येतं. बाकी मी घड्याळं दुरुस्त करते,
हरभट रोडवर, चपलांच्या दोन दुकानांच्या मधोमध,
पण रविवारी भिंगाखाली काटे कमी, नाणी जास्त.

दिग्रजचे मगदूम रुमालाची गाठ सोडतात.
रुपया पिवळाधमक.
"सोन्याचं पाणी हाय बघा, ताई. चुकून बसलंय."
मी वास घेते. हळद.
मार्केट यार्डात तीस वर्षं पोती मोजली त्यांनी,
घामानं भिजलेला खिसा, त्यात हा.
रंग सगळा वरवरचा, अक्षरांच्या कडेला साठलेला,
फोडणी दिल्यावर माझ्या नखांत उरतो तसा.
पुसून देऊ का, विचारलं,
तर रुमाल मिटला त्यांनी. "नको. ऱ्हाऊ दे."

महापुरानंतरच्या वर्षी तर रांगच होती.
गावभागातल्या किराणावाल्या पद्मावती उपाध्ये
बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या,
आठ दिवस पाण्याखाली राहिलेला.
एकेक नाणं वेगळ्या रंगाचं:
मोरपंखी, जांभळं,
एक तर रस्त्यावर सांडलेल्या डिझेलसारखं.
मी सांगत राहिले, हा गाळाचा रंग,
हा डब्याच्या पत्र्याचा, हे खड्डे गंजानं खाल्लेले,
जन्माची खूण यात एकही नाही.
त्या म्हणाल्या,
"मग पाण्याचीच काय किंमत होईल ती सांगा."
भिंग डोळ्यावरून काढलं, पुसलं.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

खरं एकदाच आलं.
कुपवाडचा पोरगा, शाळेच्या गणवेशात, रागावलेला.
"दुकानदार घेईना. खोटं हाय म्हणतोय."
दोन रुपये. नकाशा खाली सरकलेला,
सालाखालचा तारा अर्धा कापलेला,
आणि वर चंद्रकोरीएवढी कोरी जागा,
गुळगुळीत, ठसा तिथवर पोचलाच नव्हता.
कुणी कानस मारली असती तर धातू ओरबाडला असता,
हातोडी मारली असती तर शेजारी फुगला असता.
काट्यावर ठेवलं. वजन पुरेपूर.
"खोटं नाही रे, चुकलेलं आहे."
"म्हंजे चालंल का?"
याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला.
तोवर त्यानं ते उचललं, खिशात टाकलं,
पेन्सिलीच्या तुकड्यांबरोबर,
जिथं आता त्याला ओरखडे पडत असतील.

गल्ल्याच्या मागच्या कप्प्यात माझंही एक आहे.
दहा पैसे, पाकळ्यांच्या कडेचे, होते तेव्हा.
माधवनगरला रुळावर ठेवले होते, मी आणि सन्मतीनं.
मालगाडी जाताना तो डबे मोजत होता.
एकेचाळीस.
त्याच्या आवाजातलं माझ्याकडं एवढंच राहिलंय, एकेचाळीस.
दुसऱ्या कुणी आणलं असतं तर सांगितलं असतं:
टाकसाळीची चूक नाही, निव्वळ नुकसान, किंमत शून्य.
शटर ओढण्याआधी हातात घेते.
पानासारखं चपटं. ना आकडा, ना सिंह.
नख कुठं अडत नाही,
कुठं शिरतही नाही.