गुरुवार, मिलवॉकी

दिवसभर नायलॉनचे मोजे काढतो, जाहिरातीसाठी.
घोटा असा, की त्यावर कुणी कधी उभंच राहिलं नाही.

साडेसातला चर्चच्या तळघरात
हीटरजवळ ब्रोन्या उभी राहते.
लाँड्रीतून थेट आलेली,
मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ अजून पिंढरीवर.

पाच मिनिटांची पोज.
माझा कोळसा सवयीनं वळ गाळतो,
पोट आत ढकलतो,
गुडघा गुळगुळीत करून मोकळा.

मधल्या सुट्टीत ती कोट पांघरून येते,
कागद बघते.
"ही कोण?"
रागानं नाही. कॉफीच्या कपावर हात शेकत
निघून जाते.

पुढची पोज वीस मिनिटांची.
खोडरबर खिशात टाकतो
आणि टाचेपासून सुरू करतो,
जिथं वजन आहे.

शुक्रवारी माझ्या मोज्याला घोट्याशी चुणी पडली.
ओटमारनं पांढऱ्या रंगानं ती बुजवली,
शीळ घालत.