पडताळणी

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन आम्ही तिघे निघतो:
रेशीमवाले काका, खजिनदार सुलभाताई पागे,
आणि फॉर्म भरायला मी.
मंडळाकडे यंदा अठ्ठावीस अर्ज, पैसे अकरांपुरते.
तेव्हा सतरा घरांत
काहीतरी सापडायलाच हवं.

काकांचं शास्त्र पक्कं आहे.
खरा गरीब दारातच कळतो, म्हणतात,
चपलांचे जोड मोजायचे आधी.
ताईंच्या मते कष्टाळू घर चकचकीत असतं,
आणि घर चकचकीत निघालं की त्याच कुजबुजतात:
हिला काय कमी आहे, फरशी बघा.

मालवा मिलच्या मागे, तिसरी गल्ली.
अर्ज क्रमांक एकोणीस. तन्वी विलास घोडगावकर, अकरावी, गणित.
आजोबा मिलमध्ये होते, बाप ई-रिक्षावर.
आई दार उघडते. साडी विटलेली, घड्या मात्र ताज्या,
म्हणजे आत्ताच बदलली.
काका बघतात कोनाड्यातले डबे.
मी बघतो भिंतीवरचा चौकोन,
बाकीच्या निळ्याहून जास्त निळा,
दोन खिळे, आणि फडकं गुंडाळलेली एक वायर.

टीव्ही कुठे असेल ते मला ठाऊक आहे.
पलंगाखाली, गोधडीत,
काच भिंतीकडे करून.

पंच्याऐंशी साली रामबागेत
आमचा प्रेशर कुकर शेजारी पोचवला होता मीच,
स्वेटरखाली धरून, नुकता उतरवलेला.
पोटावर चटका. ओरडायचं नव्हतं.
आणि ते बसलेत तोवर हसू नकोस, आई म्हणाली होती,
ते गेले की हस.
होतकरू, त्यांनी लिहिलं. गरजू.
त्या दिवसाचा भात आम्ही रात्री गार खाल्ला.
हसायचं राहूनच गेलं.

मोबाइल कुणाचा? काका विचारतात.
बाबांचा. क्लास त्यावरच असतो.
रिचार्ज कितीचा मारता?
मुलगी उत्तर देते आणि देता देता
माझी नजर कुठे आहे ते पाहते,
सरकते दोन पावलं,
चौकोनासमोर उभी राहते.
पाठ पुरत नाही तिची. पाव भाग झाकला जातो फार तर.

चहा येतो. चार कप, एकसारखे,
काठाला सोनेरी रेघ.
ट्रे टेकवताना आईचा हात थबकतो.
कप लपवायचे राहिले.

वायर कसली रे ही?
जुनी असेल, मी म्हणतो,
आणि 'चैनीच्या वस्तू' या रकान्यात लिहितो: नाहीत.
अक्षर जरा जास्तच सुबक येतं.

जिन्यात ताई म्हणतात, कप पाहिलेस?
भिया, कप तर लग्नात आले असतील, काका म्हणतात,
आज त्यांचा मूड चांगला आहे. जिलेबी गरम होती.
मी मनात हिशेब करतो,
अकरातली एक जागा गेली.
कुणाची, ते ठाऊक नाही.

अर्ज क्रमांक वीस.
दार सताड उघडं, आत टीव्ही चालू, मॅच,
बाप लुंगीवर, पोरगा त्याच्या मांडीला टेकून,
दोघं कशाला तरी खळखळून हसत होते.
यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बघा, काका म्हणाले.
मी बघितलं.
लिहिलं.