पाच सेकंद मागं

तांडापेठेत मे महिन्यात
रात्री दोननंतरच व्होल्टेज धड असायचं,
म्हणून हेमराज निखारे दोनला उठायचा
आणि मी, त्याचा मेहुणा, टॉर्च धरायला.

व्हीसीआर भाड्याचा, सदरच्या एका लग्नवाल्याचा.
रिमोटचं पोट उघडून डकवलेल्या चार तारा
कॉम्प्युटरच्या पाठीत,
प्रिंटर लावायच्या जागी.
प्रिंटर नव्हताच.

पडद्यावर बगळा.
त्याचं एक चित्र काढायला नऊ मिनिटं.
मग रिले वाजतो : टक्.
टेप पाच सेकंद मागं जाते,
पळत येते, वेग धरते
आणि नेमक्या जागी
एवढंसं टिपून थांबते.
पुन्हा नऊ मिनिटं.
अशा पंचवीस चित्रांचा एक सेकंद.

कूलर बंद. लावला
की बगळ्याच्या मानेवरून रेघा धावतात.

बाजेवर त्याचा बाप,
चाळीस वर्षं मागावर बसलेला.
"येवढं मांगं जाते
अन् येवढुसंच पुढं येते?"
"वेग धरल्याबिगर चित्र ठरत नाही, बाबा."
म्हातारा कुशीवर वळला.
झोपला, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या रात्री चारच्या सुमाराला लाइन गेली.
पडदा गेला, मोजणी गेली,
बगळा पंख अर्धा उचलून कुठं राहिला
ते टेपलाच ठाऊक.
हेमराजनं कपाळ टेबलावर टेकलं.
टॉर्चचे सेलही उतरलेले.

"एकतीस," अंधारातून बाप म्हणाला.
"कालचे अठरा धरून."