टेकू

जुलैतली सकाळ. कोरड्या क्रीकच्या वाळूवर
पातळ पांढरं हिव,
आणि लँडक्रूझरचं मागचं दार
वर जातं, थोडा विचार करतं,
खाली येतं.
एकदा असंच माझ्या टाळूवर आलं होतं.
तीन टाके. कॉर्मॅकने घातले,
कुत्र्यांसाठी ठेवलेल्या दोऱ्याने,
आणि वर मलाच म्हणाला, "चावू नकोस."

दुपारी मात्र हेच दार शहाणं.
नळीतला वायू उन्हाने फुगला
की छपरासारखं उभं,
चाळीस किलोमीटरातली एकुलती सावली,
तिच्यात बसून मी मेंढ्यांचे खूर कापायची.
थंडीत दम नाही, उन्हात दम.
आमच्या भागात अशी माणसंही पुष्कळ.

मग डावा दांडा खोबणीपाशी तुटलाच.
उजव्याने आठवडाभर एकट्याने ओढलं,
तेल गाळलं,
आणि तोही बसला.

कॉर्मॅकने मल्गाची एक फांदी तोडली,
वर बेचकं ठेवलं, खालचं टोक तासलं.
"पार्ट मागव. तोवर हा टेकू."
तोवर म्हणजे एकोणीस महिने.

टेकूवर त्याच्या चाकूच्या खुणा:
एक खूण, एक कुत्री, टाके घालून परत पाठवलेली.
चार उभ्या, पाचवी आडवी.
बेचक्याजवळच्या वाकड्या खुणा माझ्या.
मार्चमध्ये तो रॉक्सबीच्या खाणीवर गेला,
दोन आठवडे काम, एक आठवडा सुट्टी,
पगार मी विचारला नाही.
भांडण वगैरे काही नाही.
जाताना उरलेली बँडेजं मोजून
आकडा झाकणावर लिहून गेला.

काल टपालाच्या विमानातून खोका आला.
दोन काळे दांडे, नव्या रंगाचा वास.
गुडघ्यावर टेकवून सगळं वजन टाकलं,
केसभर हलले नाहीत.

पवनचक्क्या दुरुस्त करणारा म्हातारा अर्विन
बादली पालथी घालून शेजारी बसला.
दार पेललं होतं मल्गाने;
ज्याची जागा जाणार, त्याच्याच खांद्यावर
सगळं काम.
पेचकसाचं टोक क्लिपखाली घातलं,
जुनी खोबणी गोळीवरून निघाली
दुखऱ्या दाढेसारखी, आधी नाही, नाही, मग एकदम.
"दांडी खाली, जाड नळी वर,"
अर्विन म्हणाला, "तेल सीलवर राहू दे.
उलटं लावलंस तर दम जाईल."
नवा दांडा टक्.
दुसरा, थोडं ढकलून, एक शिवी देऊन, टक्.
"आणि त्या जुन्या नळ्या कापू नकोस,
शेकोटीत तर मुळीच नको.
मेल्यासारख्या दिसतात.
आत अजून दम असतो."
हे बोलताना त्याने स्वतःच्या छातीवर
दोन बोटं का वाजवली, ते मी विचारलं नाही.

टेकू काढला. आधी बोटभर, मग वीतभर.
दार तिथेच.
सवयीने माझा डावा हात वर गेला,
पेलायला काही नव्हतं,
थोडा वेळ तसाच हवेत राहिला.

टॅन्सी मात्र दहा पावलांवर बसून.
तिच्याही पाठीवर हे दार एकदा पडलंय.
बिस्कीट दाखवलं. नाव घेतलं.
दार दोनदा उघडून, मिटून दाखवलं,
दमाने, जाहिरातीतल्या बाईसारखं.
ती दाराकडे बघते,
मग वाळूत आडव्या पडलेल्या फांदीकडे.

शेवटी मी टेकू उचलला,
होता तिथेच उभा केला,
बेचकं आणि पत्रा यांच्यात
दोन बोटांची फट, वजन शून्य.
टॅन्सीने एका उडीत आपली जागा घेतली,
दोनदा गोल फिरली, झोपली.

अर्विन बादलीवरून बराच वेळ बघत होता.
"त्या दांड्यांचे," त्याने विचारलं,
"किती पडले म्हणालीस?"